प्रयोगशाळेतील चौघे

अकरावी-बारावीच्या कोणत्याही विज्ञानवर्गाची रसायनाची प्रयोगशाळा क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. ब्युरेटी मोजक्या आणि विद्यार्थी पुष्कळ, म्हणून शिक्षकांनी चौघाचौघांचे गट पाडलेले असतात. ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांचे अनुमापन चालू आहे. चौघांपैकी एकजण, बहुधा वर्गात हुशार समजला जाणारा, ब्युरेटची तोटी हाती धरून थेंब सोडीत असतो. दुसरा त्याने उच्चारलेला आकडा वहीत उतरवितो. तिसरी मुलगी असली तर शंकुपात्रे आणि परीक्षानळ्या धुण्याचे काम कोणी न सांगताच तिच्या वाट्यास येते. चौथा खिडकीतून मैदानावरचा खेळ पाहत असतो. शंकुपात्रात फिका गुलाबी रंग उमटला की प्रयोग संपला. तास सुटण्यापूर्वी चारही वह्यांत एकच आकडा, एकच निष्कर्ष आणि पुष्कळदा एकच चूक उतरलेली असते. चारही वह्यांवर शिक्षकांची सही पडते.

परीक्षेच्या दिवशी मात्र प्रत्येकापुढे निराळी ब्युरेट उभी राहते. त्या दिवशी तिसरीच्या लक्षात येते की, तोटी किती फिरवावी हे आपल्या बोटांना ठाऊकच नाही. तिची बुद्धी कमी आहे असे नव्हे. वर्षभर तिच्या हातात ब्युरेट आलीच नाही, एवढेच.

हे चौघे वर्षभर एकत्र होते. परंतु त्यांनी सहकार्य केले असे म्हणता येईल काय? एकत्र बसणे आणि एकत्र शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांमधील सहकार्याचा आणि रसायनशास्त्रातील त्यांच्या प्रगतीचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर या भेदात सापडते.

या प्रश्नावर गेल्या अर्धशतकात पुष्कळ संशोधन झाले आहे. क्रेग बोवेन या अमेरिकन संशोधकाने 2000 साली माध्यमिक शाळा व महाविद्यालये यांतील रसायनाच्या अध्यापनासंबंधी झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शंभर विद्यार्थी गुणांच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर नेहमीच्या पद्धतीने शिकणारा मधला विद्यार्थी पन्नासाव्या जागी असेल. सहकारी पद्धतीने शिकणारा मधला विद्यार्थी त्याच रांगेत सरासरीने चौसष्टाव्या जागी जातो, असे त्या आढाव्यात दिसून आले. म्हणजे चौदा जागांची ही प्रगती आहे. तिला चमत्कार म्हणता येणार नाही. पण कोणत्याही शिक्षकाने तुच्छ लेखावी इतकी ती थोडीही नाही.

येथे एक शंका साहजिक आहे. गटात मिळविलेले यश गटाबाहेर टिकते काय? सोबत्याच्या खांद्यावर बसून नदी ओलांडणारा काही पोहायला शिकत नाही. मेलनी कूपर आणि त्यांचे सहकारी यांनी 2008 साली रसायनाच्या विद्यार्थ्यांबाबत हाच प्रश्न तपासला. सोबत्यांबरोबर प्रश्न सोडविल्यानंतर विद्यार्थी पुढे एकेकटे सोडवू लागले, तेव्हाही त्यांच्यात झालेली सुधारणा सामान्यतः टिकून राहिलेली आढळली. सोबत्याची मदत घेऊन माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो, असा याचा अर्थ.

परंतु मदत कोणत्या प्रकारची, हे फार महत्त्वाचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील नोरीन वेब यांनी अनेक वर्षे मुलांचे लहान गट जवळून न्याहाळले. त्यांचे बरेचसे काम गणिताच्या वर्गांतले असले, तरी त्यातून निघालेली गोष्ट रसायनाच्या शिक्षकानेही ध्यानी धरावी अशी आहे. गटात जो दुसऱ्यास सविस्तर समजावून सांगतो, त्याची स्वतःची प्रगती चांगली होते. ज्याला नुसते उत्तर मिळते, त्याचा लाभ होत नाही; उलट हानीच संभवते. ‘उत्तर बारा पूर्णांक चार आले, लिहून घे,’ ही दिसायला मैत्री असते. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने ती मदत नव्हे.

रसायनशास्त्रात समजावून सांगण्याला एवढे महत्त्व का यावे? याचे कारण त्या विषयाच्या स्वभावात आहे. ग्लासगो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी दाखवून दिले की रसायनाचा विद्यार्थी एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो. पहिली पातळी डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची: रंग, वायू, साका. दुसरी न दिसणाऱ्या कणांची: अणू, रेणू, आयन. तिसरी चिन्हांची: सूत्रे आणि समीकरणे. शिक्षक फळ्याजवळ उभे राहून या तिन्ही पातळ्यांवर सहज ये-जा करतात, कारण त्यांचे पाय त्या वाटेला सरावलेले असतात. नवख्याचा पाय कोठे अडला हे पुष्कळदा त्यांच्या ध्यानातही येत नाही. ज्याला ती वाट कालच सापडली, त्या सोबत्याला मात्र अडण्याची जागा चांगली आठवत असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांत काय असते, असे मुलांना विचारले, तर कोणी ‘हवा’ म्हणतात, कोणी ‘उष्णता’ म्हणतात, आणि ज्यांनी थोडे रसायन वाचलेले असते, त्यांच्यापैकी बरेचजण ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ असे सांगतात. न्यूझीलंडमध्ये ऑस्बॉर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशाच तऱ्हेची उत्तरे नोंदलेली आहेत. वर्गात सर्वांनी मिळून ‘बाष्प’ असे उत्तर म्हटले, तरी ही समजूत मनाच्या तळाशी तशीच राहू शकते. ती बाहेर यायची तर मुलांना आपापसांत बोलू द्यावे लागते. चौघांच्या एखाद्या टेबलावर अशा वेळी पुढील तऱ्हेचा संवाद ऐकू येतो.

‘‘अरे, पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तापविले की ते वेगळे होतात आणि वर येतात.’’

‘‘मग आई रोज चुलीवर पाणी तापविते, तो हायड्रोजन पेट कसा घेत नाही?’’

‘‘थोडा असेल म्हणून.’’

‘‘थोडा कसा? सगळे भांडे आटेपर्यंत उकळले तर सगळा हायड्रोजन खोलीत येईल की! आणि झाकणाखाली थेंब जमतात, ते कशाचे?’’

‘‘पाण्याचेच.’’

‘‘मग वर गेले ते पाणीच ना?’’

येथे पहिला मुलगा गप्प होतो आणि विचार करू लागतो. रेणू एकमेकांपासून दूर जाणे आणि रेणू स्वतः फुटणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे त्याला आता खऱ्या अर्थाने उमगण्याची वेळ आली. दुसऱ्या मुलाने त्याला सूत्र सांगितले नाही. एक अडचणीचा प्रश्न विचारला. असा प्रश्न न चिडता विचारता येणे, आणि न रागावता ऐकून घेता येणे, हेच सहकार्याचे कौशल्य होय. ते जन्मजात नसते. सायकल चालविण्याप्रमाणे शिकावे आणि शिकवावे लागते.

रसायनशास्त्राच्या इतिहासानेही या गोष्टीची साक्ष दिलेली आहे. जर्मनीतील गीसेन या लहानशा गावात यूस्टुस लीबिग हा एकवीस वर्षांचा प्राध्यापक 1824 साली रुजू झाला. पुढे 1831 साली त्याने काचेच्या पाच फुग्यांचे एक उपकरण तयार केले. त्यामुळे सेंद्रिय पदार्थातील कार्बनचे प्रमाण काढणे इतके सुकर झाले की जे काम पूर्वी निष्णातांनीच करावे, ते विद्यार्थीही करू लागले. लीबिगच्या प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रश्न निराळा असे. आदल्या दिवशी काय केले, हे ज्याने त्याने सकाळी लीबिगला सांगावयाचे. पुढची वाट मात्र स्वतः शोधावयाची. एकाच छपराखाली राहून, एकमेकांच्या कामात लक्ष घालून, प्रत्येकजण इतर सर्वांकडून शिकत गेला, असे लीबिगने उत्तरायुष्यात लिहून ठेविले आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीची धुरा 1845 साली उचलणारा हॉफमान याच प्रयोगशाळेतून तयार झाला. वास्तुशिल्प शिकण्यासाठी गीसेनला आलेला केकुले तेथेच रसायनाकडे वळला. स्वतःचे काम स्वतः करावयाचे, पण त्याची वार्ता सर्वांना असावयाची, हे त्या प्रयोगशाळेचे सूत्र होते.

आपल्या देशात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्याभोवती असेच मंडळ जमले. ते 1889 साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. पुढे सायन्स कॉलेजच्या इमारतीतच एका साध्या खोलीत त्यांनी विद्यार्थ्यांच्या सहवासात आयुष्य घालविले. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी ही त्यांच्या शिष्यांतील काही नावे. इंडियन केमिकल सोसायटी 1924 साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद रायांकडे आले आणि तिच्या उभारणीत या शिष्यांचे हात होते. प्रयोगशाळेतील सहवासाचे फळ एका संस्थेच्या रूपाने देशाला मिळाले.

मग प्रत्येक शाळेत गट पाडले की काम झाले काय? तसे मुळीच नाही. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण खरी. पण गावाच्या कामात अंग चोरणारेही असतातच. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषितज्ज्ञाने माणसांना दोर ओढावयास लावून त्यांची शक्ती मोजली आणि 1913 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जसजशी माणसे वाढत गेली, तसतसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आठजण मिळून ओढू लागले, तेव्हा प्रत्येकाची शक्ती एकट्याने ओढतानाच्या सुमारे निम्म्यावर आली. याचे काही कारण ओढीचा ताळमेळ न जमणे हे होते, आणि काही कारण ‘मी नाही ओढले तरी दोर सरकेलच’ ही मनाची ढिलाई. प्रयोगशाळेतील खिडकीबाहेर पाहणारा चौथा विद्यार्थी हा या दोराचा आठवा माणूस होय.

मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड जॉन्सन आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी आपले आयुष्य सहकारी शिक्षणाच्या अभ्यासात वेचले. गटाने खरोखर शिकावयाचे तर पाच गोष्टी जुळून आल्या पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. एकाचे काम दुसऱ्यावाचून पुरे होऊ नये; प्रत्येकास स्वतःच्या शिक्षणाचा जाब द्यावा लागावा; सोबत्यांनी समोरासमोर बोलून एकमेकांस पुढे न्यावे; ऐकणे, विचारणे, मतभेद सभ्यपणे मांडणे ही कौशल्ये मुद्दाम शिकविली जावीत; आणि काम संपल्यावर आपण कसे वागलो याचा गटाने स्वतःच विचार करावा. यांपैकी पहिल्या दोन अटी पाळल्या नाहीत, तर गट म्हणजे एकाची मेहनत आणि तिघांची नक्कल एवढेच उरते.

या अटी शाळेत पाळता येतात काय? त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. शाळेत नेहमी होणाराच एक प्रयोग पाहावा. पांढऱ्या कागदावर काळी फुली काढून तिच्यावर शंकुपात्र ठेवतात. त्यात सोडियम थायोसल्फेटचे द्रावण घेऊन वरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात. हळूहळू गंधकाचे सूक्ष्म कण तयार होऊन द्रावण गढूळ होते आणि वरून पाहणाऱ्यास फुली दिसेनाशी होते. किती सेकंदांत दिसेनाशी झाली, यावरून अभिक्रियेचा वेग कळतो. या वेळी सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. पहिल्या खेपेस थायोसल्फेट 50 मिलिलिटर. दुसऱ्या खेपेस 40 मिलिलिटर आणि त्यात 10 मिलिलिटर पाणी. तिसऱ्या खेपेस 30 आणि 20. असे करीत द्रावण विरळ करीत जावयाचे. आम्ल मात्र दर खेपेस सारखेच.

या प्रयोगात चौघांनाही खरे काम आहे. एकाने द्रावणे मोजावयाची, एकाने आम्ल ओतून घड्याळ सुरू करावयाचे, एकाने फुलीवर डोळा ठेवावयाचा, एकाने नोंद करावयाची. एकट्याने हे सारे करू गेल्यास घोटाळा ठरलेलाच. ‘फुली गेली’ हे ठरविणारा डोळा मात्र एका मालिकेत एकाचाच असावा लागतो, कारण दोन माणसांच्या नजरा सारख्या नसतात. असे का, हे मुलांनी आपसांत वाद घालूनच शोधून काढावे. दुसरी मालिका द्रावणाची उष्णता बदलून करावयाची असते. तेव्हा कामे बदलावी. काल पात्रे धुणारीने आज द्रावणे मोजावी, आणि काल आकडे सांगणाऱ्याने आज पात्रे धुवावी.

शेवटी आलेख काढताना एखादा बिंदू रेषेबाहेर पडतो. येथे गटाची खरी परीक्षा होते. ‘तुझ्यामुळे बिघडले’ असे म्हणून एकमेकांवर ढकलावे, की तो आकडा गुपचूप खोडून सोयीचा लिहावा, की ‘पात्र आधीच्या द्रावणाने ओले राहिले होते काय, पाणी कमी पडले काय’ असे विचारून ती खेप पुन्हा करावी? तिसरा मार्ग धरणारा गट त्या दिवशी रसायनही शिकतो आणि शास्त्रीय प्रामाणिकपणाही शिकतो.

शिक्षकाचे काम याने कमी होत नाही, उलट वाढते. चार वह्यांवर चार सह्या करण्याऐवजी त्याने गटातील कोणत्याही एका विद्यार्थ्यास, आधी न सांगता, उभे करावे आणि विचारावे, ‘‘द्रावण विरळ केल्यावर वेळ का वाढला?’’ त्या एकाच्या उत्तरावर गटाचे गुण अवलंबून आहेत असे कळले, म्हणजे हुशार विद्यार्थी सोबत्यास उत्तर सांगून थांबणार नाही. समजले की नाही हे तपासून पाहील. तथापि लेखी परीक्षा ज्याची त्यानेच द्यावी. गटाच्या सावलीत कोणाचे अज्ञान झाकले जाऊ नये आणि कोणाचे ज्ञान दबूनही राहू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांना चांगले सहकार्य करता येते त्यांना गुणही बरे मिळतात, एवढे दिसल्यावर सहकार्य हेच गुणांचे कारण, असे एकदम म्हणू नये. आधीच विषय कळलेला विद्यार्थी अधिक बोलतो, हेही खरे असते. घरची परिस्थिती, शिक्षकाची तयारी, प्रयोगशाळेतील साधने यांचाही वाटा असतो. सहकार्य हे औषध असेल, तर अनुपान बरोबर असल्यावाचून ते लागू पडत नाही.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या लहान मुलांना मोठी मुले पाढे म्हणवीत. मद्रासच्या अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने अशीच एक देशी शाळा पाहिली, ती रीत उचलली आणि 1797 साली इंग्लंडात तिच्यावर पुस्तक लिहिले. तेथे ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली. त्या पद्धतीत घोकंपट्टीचा भाग मोठा होता, हे नाकारता येत नाही. परंतु शिकविताना शिकणारा स्वतः शिकतो, ही ओळख तिच्यात होती.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी घरांना तर या गोष्टीचे आणखी एक महत्त्व आहे. वडोदऱ्यात, इंदुरात, बेळगावात किंवा हैदराबादेत मराठी मुलगा पुष्कळदा रसायन एका भाषेत वाचतो, शेजाऱ्याशी दुसऱ्या भाषेत बोलतो आणि घरी तिसरीत विचार करतो. पाठ्यपुस्तकातील व्याख्या त्याला परीक्षेपुरती पाठ होते. तीच कल्पना सोबत्यास स्वतःच्या शब्दांत सांगावयाची वेळ आली, म्हणजे ती त्याची स्वतःची होते, मग ते शब्द मराठी असोत, हिंदी असोत, कानडी असोत की गुजराती. वडोदऱ्यात 1890 साली कलाभवन उभे राहिले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी शास्त्र आणि उद्योग यांचे शिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला होता. चौघांच्या टेबलावर चालणारे मोकळे बोलणे हे त्या आग्रहाचेच लहानसे रूप आहे.

पालकांनीही या बाबतीत एक गोष्ट करण्यासारखी आहे. ‘‘तुला किती गुण मिळाले आणि शेजारच्याला किती?’’ हा प्रश्न घरोघर विचारला जातो. त्या एका प्रश्नाने मुलाला कळून चुकते की शेजारच्याला समजावून सांगणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे. त्याऐवजी कधीतरी असे विचारावे, ‘‘आज तू कोणाला काय समजावून सांगितलेस? आणि तुला कोणी काय विचारले?’’ या प्रश्नांची उत्तरे देऊ लागलेला मुलगा हळूहळू आपली वही झाकून ठेवण्याचे सोडील.

आणि परीक्षानळ्या धुणारी ती मुलगी? तिच्यासाठी कोणत्याही मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या प्रयोगाच्या तासाला शिक्षकांनी एवढेच म्हणावे, ‘‘आज ब्युरेट हिच्याकडे द्या, आणि ही काय करते आहे ते हिनेच तुम्हा तिघांना सांगावे.’’ पहिल्या दिवशी तिचा हात कापेल, थेंब अधिक पडेल, गुलाबी रंग गडद होईल आणि अनुमापन फिरून करावे लागेल. परंतु परीक्षेच्या दिवशी ब्युरेटसमोर एकटी उभी राहिल्यावर तोटी किती फिरवावी हे तिच्या बोटांना ठाऊक असेल.